नेट बंद, धंदा बंद?

ऐन दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी यायच्या आणि नेमकं नेट बंद! फोन केला की, ‘मॅडम, उद्या माणूस येईल.’ मैत्रिणींनो, या ‘उद्या’वर विसंबू नका. तक्रार क्रमांक मागा, तारखेसह वहीत लिहा. ‘ट्राय’च्या २०१२च्या नियमांनुसार, दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत फुकट अपील करता येतं, त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. नंतर ग्राहक आयोग आहेच. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथं जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये स्पष्ट केलंय. ‘तुमचं कनेक्शन धंद्याचं, तुम्ही ग्राहक नाही,’ असं कुणी म्हटलंच तर सांगा, पोटापाण्यासाठी स्वतः राबणारी बाईही ग्राहक ठरू शकते. आपल्या कामाला ‘फावल्या वेळचा उद्योग’ समजणं आधी आपणच सोडायला हवं, नाही का?