मनगटावरचे पंचेचाळीस हजार

शहापूरच्या नाक्यावर सकाळी पडघा-भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या बसची वाट बघत पोरं उभी असतात. त्यांची मनगटं बघा. बऱ्याच हातांवर चौकोनी काळं घड्याळ दिसेल. मुरबाडच्या एमआयडीसीच्या गेटवर पाळी सुटतानाही तेच. यातली बहुतेक नॉइज, बोट, फायर-बोल्ट अशा आपल्याच देशातल्या कंपन्यांची, दीड-दोन हजारांची. एखाद्याच हातावर खरंखुरं ॲपल असतं. लांबून दोन्हींत फरक दिसत नाही, नक्कल करणाऱ्यांनी तेवढी काळजी घेतलेली आहे. फरक पावतीवर दिसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ॲपलच्या सिरीज १० ची किंमत भारतात ४६,९०० रुपयांपासून सुरू झाली. म्हणजे दोन हजारांच्या घड्याळापेक्षा वरचे पंचेचाळीस हजार. ते कशाचे, हा प्रश्न आमच्या घरात मागच्या पावसाळ्यानंतर आला.

आमच्या समाजात अशा वेळी एक शब्द तयारच असतो: इस्राफ. उधळपट्टी, अल्लाहला नापसंत, विषय संपला. मला हे उत्तर आळशी वाटतं. (ते देणाऱ्यांच्या घरच्या वलिम्यात किती ताटं अर्धी टाकली जातात, ते तूर्त राहू द्या.) उधळपट्टी जशी वाईट मानली आहे, तसा बुख्लही, म्हणजे हात आखडून बसणंही वाईटच मानलं आहे. गरजेच्या औषधाला पैसे न काढणारा माणूस काही परहेजगार ठरत नाही. किंमत मोठी आहे म्हणून खर्च वाईट होत नाही. ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले ती आपल्या हाती लागणार आहे का, हे बघायला हवं. आणि ते बघायचं तर वस्तूच्या पोटात शिरावं लागतं.

माझा भाचा पडघ्याकडच्या एका गोदामात कामाला आहे. हातात येतात सोळा हजार. त्याचे अब्बा, म्हणजे माझे मेहुणे, मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या बाजूला राहतात. वय चौसष्ट, थोडी भातशेती. गेल्या जुलैत लावणीच्या दिवसांत त्यांना दोनदा छातीत धडधडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. एकदा बांधावरच बसून राहिले. गावातल्या डॉक्टरांनी नाडी धरली आणि सांगितलं, ठोके एकसारखे पडत नाहीत, मोठ्या डॉक्टरला दाखवा. तेवढ्यात भाच्याने मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला. घड्याळाने जीव वाचवला म्हणे. मग मला फोन. "मामू, अब्बांसाठी ते महागवालं घेऊ का? हप्त्यावर मिळतंय."

मिरवायचं असतं तर मी एका वाक्यात उडवून लावलं असतं. पण पोराला बापाची काळजी होती, म्हणून बसून हिशेब केला.

स्वस्त असो वा महाग, घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं, परत येणारा उजेड कमी होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. ही युक्ती दोन्हीकडे एकच आहे. महागात सेन्सर चांगला आणि त्यामागचं गणित जास्त तपासलेलं, म्हणून आकडा जास्त भरवशाचा. ईसीजी ही मात्र वेगळी चीज. त्यासाठी दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या चावीवर तीस सेकंद टेकवून ठेवावं लागतं, मग हृदयाची विजेची लहर टिपली जाते. ॲपलने हे २०१८ मध्ये सिरीज ४ मध्ये आणलं. दवाखान्यात छातीला आणि हातापायांना तारा लावून बारा बाजूंनी आलेख काढतात, इथे एकाच बाजूने निघतो. त्यातून ठोक्यांची एक विशिष्ट बेशिस्त कळते, तिला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हार्ट अटॅक मात्र कळत नाही. हे कंपनी स्वतःच लिहून देते, फक्त जाहिरातीत ते वाक्य आपल्या डोळ्यांत भरत नाही. पंचवीस हजारांच्या आसपास मिळणाऱ्या ॲपलच्याच एसई घड्याळात तर ईसीजी नाहीच.

ही बेशिस्त पकडणं किरकोळ गोष्ट नाही. तिच्यामुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते, लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो. पण ती किती जणांत सापडते? स्टॅनफर्ड विद्यापीठाने ॲपलच्या पैशांवर एक मोठा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४,१९,२९७ माणसं होती. घड्याळाने 'तुमचे ठोके अनियमित आहेत' असा इशारा दिला तो २,१६१ जणांना, म्हणजे दोनशे माणसांत एकाला. चाळिशीच्या आतल्यांत तर हजारात दोघांनाही नाही. पासष्टच्या वरच्यांत मात्र शंभरात तिघांना. बस स्टॉपवरच्या पंचविशीच्या पोराला हृदयाच्या काळजीने पंचेचाळीस हजार घालायचं कारण त्या आकड्यांत नाही. त्याच्या अब्बांसाठी थोडं तरी आहे.

आता स्वस्त घड्याळाची बाजू. पावलं, वेळ, फोन आला तर थरथर, नमाजच्या वेळेची आठवण, हे सगळं दोन हजारांत होतं. (दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल-शातिर हा मोठा खगोलशास्त्रज्ञ नमाजच्या वेळा काढायच्या नोकरीवर होता. आज तेच काम मनगटावरची वस्तू फुकटात करते आणि आमची पोरं तरीही फज्रला झोपलेली असतात.) पावलांचा आकडा फार मनावर घेऊ नका, खड्ड्यांतून जाणाऱ्या रिक्षात नुसतं बसलात तरी तो वाढतो. पण कुठल्याही घड्याळाच्या खोक्यावर 'ब्लड प्रेशर' आणि 'शुगर' लिहिलेलं असेल तर सावध व्हा. मनगटाला पट्टा फुगवून न आवळता नुसत्या हिरव्या दिव्याने दाखवलेलं प्रेशर म्हणजे बराचसा अंदाज. आणि साखरेबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशाराच दिला. सुई न टोचता साखर मोजणारं कुठलंही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, असले आकडे वापरू नका. आमच्याकडे मधुमेह घरोघरी आहे. घड्याळ बघून इन्सुलिन कमी-जास्त करणाऱ्याचं दोन हजारांचं घड्याळ फार महागात जाईल.

मग अब्बांसाठी महागवालं घ्यायचं का? इथे टोकावड्याची बाजू मध्ये येते. ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही. मेहुण्यांकडे बटणांचा फोन, भाच्याकडे अँड्रॉइड. म्हणजे आधी आयफोन, घड्याळाइतकाच किंवा त्याहून महाग. सॅमसंगच्या वरच्या घड्याळांचं ईसीजीही सॅमसंगचाच फोन मागतं. सिरीज १० ची बॅटरी अठरा तासांची, रोज चार्जिंग आलं. पावसात एकेका वेळी रात्रभर वीज नसते, तेव्हा सकाळी मनगटावर काळी काच. चिखलाचं त्याला काही होत नाही, ते पन्नास मीटर पाण्याला टिकणारं आहे, ही तक्रार मी करणार नाही.

माणूस जोरात पडला आणि मिनिटभर हलला नाही तर हे घड्याळ स्वतःहून ११२ ला फोन लावतं. ही सोय मला मनापासून आवडते. पंचावन्नच्या वरच्या माणसाचं वय भरलं की ती आपोआप चालू होते. पण फोन लागायला फोन जवळ हवा आणि रेंज हवी. मुरबाड सोडून माळशेजच्या दिशेने गेलात किंवा शहापूरकडून डोळखांबच्या आत शिरलात, की रेंज डोंगराच्या मर्जीवर. फोन लागलाच तरी गाडी यायला हवी, आणि हृदयाच्या मोठ्या तपासणीला मुरबाडहून तीसेक किलोमीटर कल्याण गाठायला हवं. भातसा, तानसा, मोडकसागर शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर. धरण उशाला, कोरड घशाला. इशारा मनगटावर आणि इलाज कल्याणला, हीही तीच तऱ्हा.

हप्त्याचं वेगळं सांगतो, कारण भाच्याचा भर त्यावर होता. "मामू, नो कॉस्ट आहे, सूद नाही." बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढीच सूट आधी देते, म्हणून बेरीज सारखी दिसते. कार्डाच्या बिलावर व्याजाची ओळ असते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, बहुतेकदा वर प्रोसेसिंग फी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. हे शरियतमध्ये कुठे बसतं हा फतवा मी देणार नाही, तो माझा अधिकार नाही. आपल्या मौलानांना विचारा, पण जाताना जाहिरात नको, बिल घेऊन जा. आणि फतवा काहीही येवो, ४६,९०० चे बारा हप्ते म्हणजे महिना ३,९०८. सोळा हजारांतला जवळपास चौथा हिस्सा, वर्षभर.

महाग घड्याळ कुणीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. आसनगावहून रोज मुंबईला जाणारे माझे एक स्नेही आहेत, वय अठ्ठावन्न. त्यांची बेशिस्त येते आणि जाते. डॉक्टरकडे पोचेपर्यंत ठोके सुतासारखे सरळ, त्यामुळे आलेखात काही सापडत नसे. आयफोन मुलाने आधीच दिलेला होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी घड्याळ घेतलं आणि लोकलमध्ये धडधडलं तेव्हा बोट टेकवून आलेख काढला. डॉक्टरांना तोच हवा होता. त्यांचे पंचेचाळीस हजार मी एका क्षणासाठीही इस्राफ म्हणणार नाही.

मेहुण्यांचं तसं नव्हतं. घड्याळ जे सांगणार ते गावातल्या डॉक्टरांच्या तीन बोटांनी आधीच सांगितलं होतं. पुढचं काम खात्रीचं आणि औषधाचं. म्हणून भाच्याला सांगितलं, त्यांना कल्याणला ने, पूर्ण ईसीजी काढ, डॉक्टर म्हणाले तर चोवीस तास छातीवर लावून ठेवायचं होल्टर यंत्र लाव. आम्हाला सांगितलेला होल्टरचा दर अडीच हजार होता. दंडावर पट्टा फुगवणारं प्रेशरचं मशीन दोन हजारांत आलं, ते सगळं घर वापरतं. होल्टरमध्ये बेशिस्त स्पष्ट दिसली. रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. ती कायमची आहे, दर महिन्याला पैसे लागणार आहेत आणि एकही दिवस चुकवायची नाही. भाच्याचा हप्ता आता तिकडे जातो.

तरी परवा तो म्हणालाच, "पण मामू, अब्बा एकटेच शेतावर असताना पडले तर?" बटणांचा फोन सदऱ्याच्या खिशात, एक आकडा दाबला की घरी लागेल असा, एवढंच सध्या केलं आहे. शेजारच्या शेतातले काका दुपारी हाक मारतात. पडलेल्या माणसाला बटण दाबता येईलच असं नाही, हे भाच्याचं म्हणणं बरोबर आहे. स्वतःचं सिम असलेलं, आयफोन न मागणारं, पडल्यावर खरोखर फोन लावणारं घड्याळ दहा-बारा हजारांत आलं आणि टोकावड्याला रेंज टिकायला लागली, तर ते मी स्वतः रोख पैसे देऊन मेहुण्यांच्या मनगटावर बांधेन.