जिवाणूंचे कवच

जठरातील आम्लात पुष्कळसे उपयुक्त जिवाणू मरतात. म्हणून त्यांना पेक्टिन, सेल्युलोज अशा वनस्पतिजन्य तंतूंत गुंडाळण्याचे संशोधन चालू आहे. हे तंतू आपणांस पचत नाहीत. पेक्टिनवर तर मोठ्या आतड्यातील जिवाणू पोसतात. कवच तेच शिधा!

एप्रिल २०२३मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मलातील जिवाणूंपासून बनलेल्या, तोंडाने घेण्याच्या पहिल्या औषधास, 'व्हाउस्ट'ला, मान्यता दिली. त्यातील जिवाणू बीजाणुरूपात असल्याने त्यांचे कवच उपजतच. दुकानातील प्रोबायोटिक गोळ्यांना मात्र अशी पूर्वमान्यता लागत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात आईवडिलांसाठी त्या नेणाऱ्यांस आमची विनंती: डबीवरील जिवंत जिवाणूंचा आकडा उत्पादनावेळचा की मुदतीअखेरचा, हे पाहावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत तर एफडीएने २०२३मध्येच इशारा दिला आहे.