सिंहस्थात फोन लागायचा असेल, तर आधी जमीन खणा

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाच्या तारखा जाहीर झालेल्या आहेत. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. रस्ते, घाट, पाणी, शौचालये यांच्या यादीत मोबाइल नेटवर्क नेहमी तळाशी येते आणि ‘तात्पुरते टॉवर लावू’ एवढ्यावर निकाली निघते. हे बदलायला हवे. २००३ च्या सिंहस्थात नाशिकला आणि २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे प्रयागराजला चेंगराचेंगरीत भाविकांचे प्राण गेले. अशा क्षणी चुकामूक झालेल्या आईचा फोन लागणे, जखमीसाठी रुग्णवाहिका बोलावता येणे, हा जीव वाचवण्याचा प्रश्न असतो.

आषाढीला पंढरपुरात जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. फोनवर काड्या पूर्ण दिसतात आणि फोन मात्र लागत नाही. टॉवरचा संकेत आपल्यापर्यंत किती जोरात पोहोचतो, एवढेच काड्या सांगतात. त्या टॉवरवर त्या घडीला आणखी किती जण आहेत, हे त्यांना ठाऊक नसते. टाकी काठोकाठ भरलेली असली, तरी साऱ्या चाळीला नळ एकच असेल तर रांग लागणारच. रेंज वेगळी आणि क्षमता वेगळी.

जत्रेत तर अडचण दुहेरी होते. एरवी आपण व्हिडिओ पाहतो, म्हणजे माहिती टॉवरकडून फोनकडे येते. स्नानाच्या दिवशी लाखो लोक एकाच वेळी व्हिडिओ काढून घरी पाठवतात आणि ओघ उलटा फिरतो. टॉवरवरचा रेडिओ चाळीस वॅट किंवा त्याहून अधिक ताकदीने बोलतो, तर आपल्या हातातल्या फोनची सर्वसाधारण कमाल ताकद ०.२ वॅट. त्यात २३०० आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत येणारी-जाणारी माहिती एकाच वारंवारतेवर वेळ वाटून घेते आणि वेळेचा मोठा वाटा येणाऱ्या माहितीला दिलेला असतो. वरच्या दिशेची वाट मुळातच अरुंद, आणि गर्दी नेमकी तिथेच होते.

मग टॉवरची ताकद वाढवावी का? क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेले गणित याला फारसा आधार देत नाही. वारंवारतेचा पट्टा दुप्पट केला तर क्षमता दुप्पट होते, पण ताकद दुप्पट केल्याने ती थोडीशीच वाढते आणि शेजारच्या टॉवरला त्रास होतो तो वेगळाच. म्हणून मार्ग तीनच उरतात. पहिला, जास्त स्पेक्ट्रम. २०२२ च्या लिलावात ३३०० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा कंपन्यांना मिळाला, तो याच कामाचा. दुसरा, हुशार अँटेना. फाइव्ह-जीच्या एका पॅनलमध्ये चौसष्ट ट्रान्समीटर असू शकतात आणि ते वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळे किरण सोडून एकच वारंवारता एकाच वेळी अनेकांना वापरू देतात. तिसरा मार्ग सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा आहे. १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये सुचलेली ही कल्पना सांगते की परिसराचे लहान लहान भाग करा, प्रत्येक भागाला स्वतःचा रेडिओ द्या आणि तीच वारंवारता पुन्हा पुन्हा वापरा. गर्दीत उंच टॉवरपेक्षा बुटक्या खांबावरचा, खाली झुकवलेला, मोजक्या जागेपुरता बोलणारा रेडिओ अधिक लोकांना पुरतो.

प्रयागराजचा आराखडा उचलून नाशिकला लावू, असे कुणाला वाटत असेल तर त्याने दोन्ही जागा डोळ्यांसमोर आणाव्यात. प्रयागराजला मेळा थंडीत, कोरड्या हवेत, नदीपात्रातल्या सुमारे ४००० हेक्टरच्या मोकळ्या रेतीवर भरतो. चाकांवरचे टॉवर तिथे हवे तिथे उभे करता येतात. नाशिकचे स्नान भर पावसाळ्यात होते. पंचवटीच्या बोळांत आणि रामकुंडाभोवती टॉवरचा ट्रक उभा करायला जागा कुठून आणणार? त्र्यंबकेश्वर ब्रह्मगिरीच्या कुशीत, जागा चिंचोळी आणि पाऊस नाशिकहून कितीतरी जास्त.

पाऊस आणखी एका ठिकाणी आडवा येतो. टॉवरवरची माहिती पुढे नेण्यासाठी फायबर नसेल, तर मायक्रोवेव्हचा दुवा वापरतात. त्याची वारंवारता जितकी वरची, तितकी क्षमता जास्त आणि तितकाच मुसळधार पावसाचा फटकाही जास्त. म्हणजे दहा नवे रेडिओ लावले आणि मागचा दुवा पावसात मंदावला, तर फोन पुन्हा मुकेच. देशभरात हीच नस दुखरी आहे. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने २०२२ पर्यंत ६० टक्के टॉवर फायबरने जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ती मुदत टळली तेव्हा निम्मे टॉवरही जोडलेले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे एकच आहे: नाशिकला आधी जमिनीखालची तयारी हवी. सिंहस्थासाठी जो जो रस्ता खणला जाईल, त्यात सर्व कंपन्यांना वापरता येईल असा फायबरचा डक्ट, म्हणजे केबल ओढायची नळी, त्याच कामात टाकावा. महापालिकेचे दिव्याचे खांब छोट्या रेडिओंसाठी वीजजोडणीसह खुले करावेत. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या दूरसंचार मार्गाधिकार (राइट ऑफ वे) नियमांत खांबांच्या अशा वापराची तरतूद आहे. गोदेच्या पुराची उंची नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले त्यावरून सांगतात. घाटावरची उपकरणे, बॅटऱ्या आणि जोडपेट्या त्या पाण्याच्या वरच बसायला हव्यात. शिवाय स्नानाच्या दिवशी एका कंपनीचे नेटवर्क कोलमडले, तर तिच्या ग्राहकांना दुसरीच्या नेटवर्कवर घेण्याची व्यवस्था आधीच तपासून ठेवावी. चक्रीवादळांच्या वेळी दूरसंचार विभागाने ही सोय लावलेली आहे. २०२३ मध्ये फोनवर कर्कश आवाजात आलेले चाचणी-संदेश ज्या पद्धतीचे होते, ती सेल ब्रॉडकास्टही इथे वापरावी. एकच संदेश परिसरातल्या सर्व फोनना एकदम जातो, त्यामुळे गर्दीतही तो अडत नाही.

खांबावर रेडिओ म्हटले की रहिवाशांना किरणांची धास्ती वाटते. तिला उडवून लावणे योग्य नाही, उत्तर द्यायला हवे. आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकीच मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केली आहे. ती पाळली जाते का, याची मोजणी करून आकडे चौकात लावावेत. आणि हेही सांगावे की टॉवर दूर असला की फोनला जोर लावून बोलावे लागते, आणि तो फोन आपल्या कानाशी असतो. रेडिओ जवळ आला की फोनचा जोर कमी होतो.

खर्च कुणाचा? रेडिओ कंपन्यांनी लावावेत, डक्ट-खांब-वीज सरकारने पुरवावी. हा खर्च मेळ्यापुरता नाही, कारण फायबर पुढची कित्येक वर्षे नाशिककरांच्या दवाखान्यांना, शाळांना, दुकानांना उपयोगी पडेल. मेळा संपताच निघून जाणाऱ्या ट्रकवरच्या टॉवरमधून शहराला मागे काहीच उरत नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना रेंजचे नकाशे जाहीर करावे लागतात, पण गर्दीत फोन किती टक्के लागले हे त्या नकाशांतून कळत नाही. स्नानाच्या प्रत्येक दिवसाचा, प्रत्येक घाटाचा हा आकडा कुंभमेळा प्राधिकरणाने मागून घ्यावा आणि लोकांपुढे ठेवावा.

नाशिककरांना एक विनंती. तुमच्या प्रभागात सिंहस्थाचा रस्ता खणला जात असेल, तर त्यात फायबरचा डक्ट पडतोय का, हे नगरसेवकाला आणि अभियंत्याला आजच विचारा. डांबर पडल्यावर विचारून उपयोग नाही.