वर्तुळाचे ठिपके कशाला मोजता?

मंडळी, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या निवृत्त मास्तराने संगणकाच्या विषयात नाक खुपसावे का, असे काहींना वाटेल. खुशाल वाटू द्या. हा विषय मला फळ्याच्याही जवळचा वाटतो.

फळ्यावर वर्तुळ काढायला काय लागते? केंद्रबिंदू आणि त्रिज्या, बस्स! संगणकावर चित्र साठवायच्या मात्र दोन तऱ्हा आहेत. एक ठिपक्यांची, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवायचा. दुसरी रेषांची, जिला व्हेक्टर म्हणतात. तिच्यात 'केंद्र इथे, त्रिज्या इतकी, रंग निळा' एवढेच लिहायचे.

१०० बाय १०० ठिपक्यांच्या चित्रात १०,००० ठिपके. ते दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच केले की ४०,००० लागतात. वरचे ३०,००० आणायचे कुठून? संगणक ते अंदाजाने भरतो आणि कडा धूसर होतात. रेषांचे चित्र दर वेळी नव्याने काढले जाते. नखाएवढे करा नाहीतर भिंतीएवढे, कड तशीच रेखीव.

हे काही कालचे संशोधन नव्हे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ सालीच स्केचपॅडमध्ये पडद्यावर अशा रेषा काढून दाखवल्या होत्या. महाजालासाठी एसव्हीजी हे खुले मानक २००१ साली ठरले. पण इंटरनेट एक्सप्लोररला ते थेट दाखवायला २०११ साल, म्हणजे नववी आवृत्ती उजाडावी लागली. मधल्या काळात फ्लॅशचे राज्य होते. तेही रेषाच काढायचे, पण ते एका कंपनीच्या मालकीचे. २०२० अखेर कंपनीने हात काढून घेतला आणि त्यावरची कितीतरी पाने मुकी झाली. एसव्हीजीची फाईल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्येही उघडते.

आज सगळे प्रमुख ब्राउझर एसव्हीजी दाखवतात. बटणावरचे चिन्ह एकाच फाईलमधून घड्याळावर आणि मोठ्या पडद्यावर चालते, काळ्या पार्श्वभूमीवर त्याचा रंगही बदलता येतो. मग अजूनही आलेख, नकाशे, भूमितीच्या आकृत्या ठिपक्यांत का? त्याहून संताप येतो तो अक्षरांचा फोटो पाहून. मध्यंतरी एका संकेतस्थळावर परीक्षेचे वेळापत्रक चक्क फोटो काढून डकवलेले दिसले. माझ्या वयाचा माणूस मोठे करून बघतो, तर ३ की ८ ते कळेना. शोधले तर सापडत नाही. अंध विद्यार्थ्याला वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला तिथे एकही शब्द मिळत नाही. गंमत अशी, की आपल्या फाँटमधले प्रत्येक अक्षर मुळात वक्ररेषांनीच आखलेले असते. त्या रेखीव 'क्ष'चा आपण फोटो काढतो आणि तो पुसट करून लोकांना देतो!

कुणी म्हणेल, सगळेच रेषांत मावत नाही. मान्य. नातवाचा फोटो ठिपक्यांतच राहू द्या. एसव्हीजीमध्ये प्रोग्रॅम दडवता येतो, म्हणून अनोळखी फाईल तपासूनच घ्यावी, हेही बरोबर. पण विळीने बोट कापते म्हणून कुणी भाजी चिरायची थांबत नाही.

तेव्हा ब्लॉगर मित्रांनो, आणि आमच्या घरातल्या संगणक शिकलेल्या पोरांनो, आलेख, नकाशे, बोधचिन्हे रेषांत काढा. मजकूर मजकूर म्हणूनच ठेवा. खर्च फारसा नाही, थोडी शिस्त लागते. फोटो काढून डकवणे सोपे, हे कारण मी वर्गातही ऐकून घेतले नसते.