पिल्लू देण्याआधी

मे अखेरीस गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावरचे शॅक मोडतात, पर्यटक परततात आणि त्यांच्या उष्ट्यावर जगणारी कुत्री ऐन पावसाच्या तोंडावर उपाशी पडतात. त्यातच एखादी कुत्री होडीच्या आडोशाला व्यालेली असते. तिच्या पिल्लांना घर मिळवून देणे पुण्याचे काम आहे, पण ते घाईने करू नये. 10 ते 14 दिवसांत डोळे उघडले, पिल्लू गोंडस दिसू लागले, म्हणून ते लगेच उचलून देऊ नका. 8 आठवडे आईपाशी आणि भावंडांत राहिले तरच ते खायला आणि चावा आवरायला शिकते. दुसऱ्या आठवड्यापासून जंताचे औषध, सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, हे सगळे नेणाऱ्याला लिहून द्या. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य ठरले, ते वाड्यावाड्यांवर फिरून कुत्र्यांना टोचलेल्या लसींमुळे. मागणाऱ्याला स्पष्ट विचारा: पावसात पिल्लू कुठे झोपेल? तुम्ही परगावी गेलात तर त्याला कोण जेवू घालील? मादी नको म्हणणाऱ्याला नसबंदीची माहिती द्या. आणि पिल्लांनी दूध सोडले की त्यांच्या आईचीही नसबंदी करून घ्या. तेवढे केले नाही, तर घरे शोधण्याचे काम कधीच संपणार नाही.