हॉल आपण निवडणार, बिल सासरे भरणार?

“आम्हाला हुंडा-बिंडा काही नको. फक्त हॉल चांगला बघा, एसीवाला. आमच्याकडून चारशे माणूस येईल.”

माझ्या बहिणीच्या सोयरिकीत समोरचे असं म्हणाले, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना हायसं वाटलं. किती भले लोक, काहीच मागितलं नाही! मग अब्बांनी पीएफमधून पैसे काढले आणि उरलेले पतपेढीतून उचलले. दोन वर्षांनी, ते हप्ते चालू असतानाच, माझ्या घरच्यांनी हेच वाक्य माझ्या सासऱ्यांना ऐकवलं. मी शिकलेला, पगारदार इंजिनिअर. शेजारच्या खुर्चीत बसून मोबाइल बघत होतो. त्यामुळे दोष द्यायचा तर पहिला मलाच.

आता धाकट्या भावाचं ठरलंय. गेल्या महिन्यात आम्ही हॉल बघत फिरलो आणि डोक्यातला हा हिशेब पुन्हा वर आला.

आमच्या धंद्यात साधा नियम आहे. जो मागण्या लिहितो, तोच बिल भरतो. म्हणून प्रत्येक मागणीपुढे तो दहादा विचार करतो. आपल्या लग्नात मागण्या मुलाकडच्यांच्या आणि बिल मुलीच्या बापाचं. मग झुंबर, वेलकम ड्रिंक, तीन प्रकारचं गोड आणि वर १८ टक्के जीएसटी. मागण्या थांबणार कुठे?

“त्यांची हौस असते हो,” असं आपण म्हणतो. हौस आहे की धास्ती, हे तपासणं सोपं आहे. बिल आपण भरतो म्हणा आणि मग तोच हॉल, तीच माणसं आपल्याला हवीत का ते बघा.

१९६१च्या हुंडाबंदी कायद्यात अप्रत्यक्षपणे दिलेल्या गोष्टीही हुंड्यात धरल्या आहेत. आपला मेहेर मात्र त्यातून वगळला आहे. हॉलचं भाडं त्या व्याख्येत बसतं की नाही, यावर वकील भांडत बसतील. आपल्याला तेवढ्यासाठी वकील लागत नाही. निकाहला काय लागतं? दोघांचा होकार, साक्षीदार, मेहेर. मेहेर मुलाने द्यायचा. वलीमाही मुलाकडचा, हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांच्या लग्नाची खबर मिळाल्यावर प्रेषितांनी वलीमा करायला सांगितलं, तो त्यांनाच, एका बकरीचा का असेना. मुलीच्या बापाने चारशे लोकांना जेवू घालावं, हे कुठून आलं? हे आपण आजूबाजूच्या समाजाकडून उचललं आणि वर त्याला ‘आमचा रिवाज’ म्हणू लागलो.

हॉल मिळणं सोपं नाही, हेही खरं. बरीच मंगल कार्यालयं “नॉनव्हेज चालणार नाही” म्हणून फोनवरच वाट लावतात. उरलेले मोजके हॉल त्यामुळे भाव खातात. पण या अडचणीचा भुर्दंड मुलीच्या बापानेच का सोसायचा?

आता हॉलच्या आत या. बायकांचा भाग वरच्या मजल्यावर. आमच्या फुफूंचे गुडघे गेलेत, त्या जिन्याखालीच बसून राहतात. पुरुषांची पंगत आटोपेपर्यंत वर बिर्याणी थंड. जिच्या होकाराशिवाय निकाहच होत नाही, ती नवरी बाजूच्या खोलीत. आणि पडदा हवा म्हणून लावलेली कनात नेमकी संकटकाळी बाहेर पडायच्या दारावर! एका हॉलमध्ये मी ती कनात सरकवून बघितली. मागे दार होतं, दाराला कुलूप होतं.

हा बारीकसारीक दोष नाही. डिसेंबर १९९५ मध्ये हरियाणातल्या डबवालीला एका लग्नाच्या हॉलमध्ये शाळेचा कार्यक्रम चालू असताना आग लागली. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं आणि बायका बहुसंख्य. सप्टेंबर २०२३ मध्ये इराकच्या हमदानियात लग्नाच्याच हॉलमध्ये, आत उडवलेल्या फटाक्यांनी छत पेटलं आणि शंभरावर माणसं गेली. आपल्याकडे नवरा-नवरीच्या एन्ट्रीला तसलीच कारंजी उडवायची टूम आहे.

म्हणून हॉल बघायला जाल तेव्हा झुंबर नंतर बघा. आधी दारं मोजा, ती उघडून बघा. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. ते फॉर्म बी मागा. मालक चिडला तर दुसरा हॉल बघा. बायकांची जागा तळमजल्यावरच घ्या, त्यांना स्वतंत्र आणि मोकळं दार हवं. पंगत दोन्हीकडे एकाच वेळी वाढायला सांगा.

आणि मुळात हॉल लागतोच का? निकाह मशिदीत होऊ शकतो, मात्र तिथे नवरीला आणि घरातल्या बायकांना बसायला जागा करून घ्या. वलीमा जमातखान्यात किंवा शाळेच्या हॉलमध्ये होतो. रस्ता अडवून मांडव टाकणं मात्र स्वस्त पडत नाही, त्याचं भाडं शेजारी भरतात.

तरुण मित्रांनो, हे अब्बा-अम्मींवर ढकलू नका. सोयरिकीच्या बैठकीत आपल्याला तोंड असतं. एकच वाक्य म्हणायचं आहे, “हॉल माझ्या खर्चाने.” मी ते म्हटलं नाही. आज दर ईदला सासऱ्यांसमोर बसतो, तेव्हा ते गिळलेलं वाक्य घशात अडकतं.

शेवटी आम्ही एक साधा हॉल ठरवला. मॅनेजरने पावतीपुस्तक काढलं आणि न विचारताच म्हणाला, “मुलीच्या वडलांचं नाव सांगा.” भाऊ म्हणाला, “माझं लिहा.” मॅनेजरने दोनदा विचारलं.

त्याच रात्री आमच्या घरात पाहुण्यांची यादी पुन्हा काढली गेली. सातशेची अडीचशे झाली. कोणालाही समजवावं लागलं नाही.