खेडची लढाई कोणी जिंकली?

हुतात्मा राजगुरूंचे गाव म्हणून खेड आपल्याला ठाऊक आहे. पण तेथेच भीमेकाठी ऑक्टोबर १७०७ मध्ये मराठे मराठ्यांविरुद्ध उभे ठाकले होते.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर आझमशहाने शाहूंना सोडले. ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवून धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधी यांना फौजेसह पाठविले. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने धनाजींची खात्री पटली व ते शाहूंना मिळाले. एकटे पडलेले प्रतिनिधी साताऱ्याकडे हटले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यासच शाहूंचा राज्याभिषेक झाला.

परीक्षेत आपण 'शाहूंचा विजय' एवढेच लिहून मोकळे होतो. मला हे उत्तर अपुरे वाटते. सात वर्षे मोगलांना दाद न देणाऱ्या ताराबाई तलवारीने हरल्या नाहीत. 'खरा वारस कोण?' या एका प्रश्नाने हरल्या. आणि तो प्रश्न महाराष्ट्रात धाडला मोगलांनीच, भाऊबंदकी पेटावी म्हणून! पुढे शाहूंच्या काळात राज्य विस्तारले, हे मान्य. पण १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर ही दोन राज्ये कायम झाली, हेही तितकेच खरे.

धनाजींना फितूर म्हणणे सोपे आहे. पण ते खऱ्या वारसाकडेच गेले. म्हणूनच ही चाल अचूक ठरली. शत्रूने खोटे पेरले तर ते उघडे पाडता येते. त्याने खरेच पेरले तर काय करायचे?